दाहिने सज

मंगळवार-शुक्रवार, सकाळी साडेनऊला,
वर्क्सवर्थच्या चढावर गाडी लावून
मी डॉक्सींच्या पायाचं ड्रेसिंग करते.
मिरजेला शिकले तेव्हाही ड्रेसिंगच म्हणायचो.
मलमपट्टी हा शब्द पुस्तकातला,
वॉर्डात कुणाच्या तोंडी आला नाही.

घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम.
चौदा महिने झाले, मिटत नाही.
म्हातारा मला 'डक' म्हणतो. म्हणजे बदक.
इकडे ती माया असते, हे कळायला
एक अख्खा हिवाळा गेला.

"मीही जन्मभर ड्रेसिंगच केलं, डक.
दगडाचं."
खाणीतून ठोकळा येतो तो अंगानं वाकडा.
गुण्या लावायचा, टाकी चालवायची,
चारी कडा एकमेकींना ओळख देतील
इतक्या सरळ करायच्या.
याला म्हणतात ड्रेस करणं. कपडे नंतर आले.

मी हसले. आमच्याकडे ड्रेस म्हणजे
दिवाळीचा, झालरीचा, एक माप मोठाच घेतलेला.
त्यांनी मला शब्दकोश काढायला लावला,
पाठीचा पुठ्ठा सुटलेला, आणि नखानं ओळ दाखवली:
लॅटिनमध्ये सरळ.
फ्रेंचांच्या तोंडून येताना एक स्वर झिजला.
मग सरळ करणं, मांडणं, तयार ठेवणं,
आणि पुढे कधीतरी अंगावर चढवणं.
कोंबडी सोलून साफ करणं तेच. कातडं कमावणं तेच.
केस विंचरणं. पाल्यावर तेल-लिंबू.
कुणाला उभाआडवा झापणं
(हे मात्र मला ठाऊक होतं:
सुतासारखी सरळ करीन एकेकीला,
म्हणायचे आमचे ड्रिलमास्तर).

ड्रिलमास्तर!
गॉज हातात तसंच राहिलं.
एनसीसीचं मैदान, तापलेली माती, बुटात खडा,
"दाहिने सज!"
की मान उजवीकडे, हात ताणून
मूठ शेजारणीच्या खांद्याला,
आणि खुरडत खुरडत ओळ सरळ.
दर वेळी मनात यायचं, यात सजायचं काय?
गजरा नाही, पावडर नाही, घाम तेवढा.
कुणा बिचाऱ्यानं साहेबाचं 'राइट ड्रेस' समोर ठेवून
हाताला लागला तो अर्थ उचलला असेल,
आणि आम्ही चाळीस जणी
वर्षभर उन्हात सजत राहिलो.

डॉक्सींना सांगितलं.
ते इतके हसले की पट्टी सैल झाली.
पुन्हा बांधली.

मेच्या अखेरीला इथं विहिरी सजवतात.
फळीवर ओली माती, तिच्यात पाकळ्या, बिया, शेवाळ
एकेक दाबून चित्र भरायचं, पाण्यापाशी उभं करायचं.
त्यालाही हेच क्रियापद.
इथं मात्र 'सज' चालून जातं.

डॉक्सींना बघायचं होतं.
बेरिल, त्यांची लेक, डर्बीहून निघालेली, पोचलेली नाही.
शर्टाची बटणं बोटांना सापडेनात;
हातोडीनं त्या बोटांचं
जे करायचं ते केव्हाच केलेलं.
बटणं लावणं माझ्या कामात येत नाही,
नोंदवहीत तसा रकाना नाही.
लावली. टायही बांधला.
"सरळ आहे?" हनुवटी वर धरून.
मी एक पाऊल मागे गेले, एक डोळा मिटला.
गाठ जवभर डावीकडे होती. सरकवली.
हे ड्रेस कुठलं, कापडाचं की दगडाचं,
मी विचारलं नाही.

विहिरीपुढे रांग.
चाकाच्या खुर्चीतून डॉक्सींनी चित्र बघितलं
आणि मोठ्यानं, खाणीत बोलावं तसं, म्हणाले,
"देवदूताचा डावा पंख उतरलाय."
पुढची बाई रागानं वळली. बहुधा तिनंच भरला असावा.

मी काही बोलले नाही.
उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
खांदे, टोप्या, एक मिटलेली छत्री,
आणि माझा पाय, मी न सांगता,
चार बोटं मागे सरकला.